पर्णगंध संयुगे

पान कापले, चुरगळले किंवा अळीने कुरतडले असता त्यातून हवेत जाणारी बाष्पनशील कार्बनी संयुगे. कापलेल्या गवताचा हिरवट वास मुख्यतः त्यांचाच. सहा कार्बन अणूंची अल्डिहाइडे, अल्कोहॉले आणि एस्टरे हा त्यांतील प्रमुख गट असून तो बहुतेक हिरव्या वनस्पतींत आढळतो. मोहरीतील व लसणातील तिखट गंधकयुक्त संयुगेही इजेनंतरच तयार होतात, पण त्यांची घडण निराळी असल्याने ती येथे घेतलेली नाहीत.

धडधाकट पानात ही द्रव्ये जेमतेम लेशमात्र असतात. पेशी फुटल्यावर काही सेकंदांतच हरितलवकाच्या पटलांतील लिनोलेनिक अम्लावर लायपॉक्सिजनेज या एंझाइमाची क्रिया होते व तेराव्या कार्बनाशी ऑक्सिजन जोडला जातो. तयार झालेले हायड्रोपेरॉक्साइड दुसरे एंझाइम तोडते. त्यातून सहा कार्बनांचे सिस-३-हेक्झेनॅल (आकडा रेणूतील दुहेरी बंधाची जागा, तर सिस किंवा ट्रान्स त्याभोवतीची मांडणी सांगतो) आणि बारा कार्बनांचे एक अम्ल मिळते. हेक्झेनॅलापासून पुढे सिस-३-हेक्झेनॉल (पर्ण-अल्कोहॉल) व त्याचे ॲसिटेट बनते. आधी मेदाम्ल पटलापासून सुटे व्हावे लागते, असे पूर्वी मानत. निदान ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या लहान वनस्पतीमध्ये तरी पटलातील मेदद्रव्यावरच थेट क्रिया होते असे अलीकडील प्रयोग दाखवतात, आणि क्रियेचा वेग पाहता हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्याच हायड्रोपेरॉक्साइडापासून दुसऱ्या वाटेने जास्मोनिक अम्ल हे संरक्षक संप्रेरक तयार होते. म्हणजे गंध आणि संप्रेरक यांचा कच्चा माल एकच आहे.

शोधाच्या अग्रक्रमाविषयी एकवाक्यता नाही. चहाच्या पानांतून पर्ण-अल्कोहॉल मिळाल्याचा उल्लेख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा मानला जातो. जर्मनीत कर्टियस व फ्रांत्सेन यांनी १९१२ च्या सुमारास हॉर्नबीम वृक्षाच्या पानांतून ट्रान्स-२-हेक्झेनॅल ओळखले. मात्र सिस-३ रूप अस्थिर असून सहज ट्रान्स-२ मध्ये बदलते. त्यामुळे त्यांच्या हाती लागले ते मूळ द्रव्य नसून बहुधा त्याचे रूपांतर असावे. जपानमध्ये हातानाका व सहकाऱ्यांनी चहाच्या पानांवर दीर्घकाळ केलेल्या कामातून निर्मितीचा मार्ग बराचसा स्पष्ट झाला.

गंधाच्या कार्याविषयीचा वाद अधिक गाजला. १९८३ मध्ये र्‍होड्स यांनी विलो वृक्षांवर, तर बॉल्डविन व शुल्त्स यांनी पॉप्लर व शुगर मेपलच्या रोपांवर प्रयोग केले. पाने फाडलेल्या पॉप्लर रोपांत ५२ तासांच्या आत फिनॉलिक (संरक्षक) द्रव्ये वाढली, आणि त्याच बंदिस्त हवेतील न दुखावलेल्या रोपांतही ती वाढली. ‘बोलणारी झाडे’ ही लोकप्रिय कल्पना येथून पसरली. फाउलर व लॉटन यांनी १९८५ मध्ये घेतलेला आक्षेप मूलभूत होता: एकाच कक्षातील रोपे ही परस्परांपासून स्वतंत्र निरीक्षणे धरता येत नाहीत. पुढील पुराव्याने शेजारच्या झाडाला गंध कळतो हे मान्य झाले. मक्याची रोपे अशा गंधात ठेवल्यास नंतरच्या हल्ल्यात ती जास्मोनिक अम्ल अधिक वेगाने बनवतात (२००४). परंतु प्रतिस्पर्धी शेजाऱ्याला सावध करून झाडाचा काय लाभ, हा प्रश्न उरतोच. लिमा घेवडा व सेजब्रश हे झुडूप यांवरील निरीक्षणांवरून गंध प्रथम त्याच झाडाच्या अन्य फांद्यांसाठी असावा असे काही संशोधक मानतात; ज्या फांद्यांमध्ये रसवाहिन्यांचा थेट संबंध नसतो, तेथे हवा हाच जवळचा मार्ग ठरतो. तूर्त हेच स्पष्टीकरण अधिक ग्राह्य दिसते.

कीटकांच्या शत्रूंना बोलावण्याचे कार्य त्या मानाने निर्विवाद आहे. १९८८ मध्ये डिके व साबेलिस यांनी पानांतील रस शोषणारे सूक्ष्म कोळी (माइट) लागलेल्या घेवड्याकडे त्यांना खाणारे भक्षक कोळी ओढले जातात असे दाखवले. १९९० मध्ये टर्लिंग्स व सहकाऱ्यांनी मका, लष्करी अळीची एक जात व तिच्या शरीरात अंडी घालणारी परजीवी गांधीलमाशी यांत तेच सिद्ध केले. तेथे गंध मुख्यतः टर्पीन (सुगंधी तेलांत आढळणारी संयुगे) गटाचा असून तो काही तासांनी, तोही न कुरतडलेल्या पानांतूनसुद्धा सुटतो. नुसते पान फाडून तेवढा परिणाम मिळत नाही, अळीची लाळ लागावी लागते. तिच्यातील व्हॉलिसिटिन हे द्रव्य १९९७ मध्ये ओळखले गेले. रानटी तंबाखूवरील मॅन्ड्युका अळीची लाळ तर सिस रूपाचे ट्रान्समध्ये रूपांतर घडवते व तिचाच वैरी असलेला जिओकोरिस ढेकूण त्या बदलाने आकर्षित होतो (२०१०).

या संशोधनातील निष्कर्ष वाचताना वाणाकडे लक्ष द्यावे. ॲराबिडॉप्सिसच्या सर्वाधिक वापरातील ‘कोलंबिया’ वाणात हायड्रोपेरॉक्साइड तोडणाऱ्या एंझाइमाचे जनुकच निकामी आहे, त्यामुळे सहा कार्बनांची अल्डिहाइडे तो जवळजवळ बनवत नाही.