पिक्चरचा वेग आणि पिक्चरची ओढ

पिक्चर बघून बाहेर पडताना सर्वांत जास्त कानावर पडणारी तक्रार म्हणजे "फार स्लो आहे". आणि कौतुक करायचं असेल तर "काय फास्ट आहे, कधी संपला कळलंच नाही". दोन्ही वेळा माणूस बोलतो वेगाबद्दल, पण बहुतेकदा त्याला म्हणायचं असतं ओढीबद्दल. ही गल्लत नुसती शब्दांची असती तर सोडून दिली असती. पण पटकथा लिहिणारे आणि संकलन करणारेसुद्धा तिच्यापायी भलत्याच जागी कात्री चालवतात.

वेग मोजता येतो. एक शॉट पडद्यावर किती वेळ राहतो, संवाद किती भरभर येतात, दर किती मिनिटांनी काहीतरी नवीन घडतं, हे घड्याळ लावून सांगता येईल. डेव्हिड बॉर्डवेल या अमेरिकन अभ्यासकाने हॉलिवूडच्या सिनेमांची अशी मोजदाद केली. १९३० ते १९६० च्या दरम्यान बहुतेक सिनेमांत एक शॉट सरासरी ८ ते ११ सेकंद टिकायचा. शतक संपता संपता तो ३ ते ६ सेकंदांवर आला. चित्रं बदलण्याचा झपाटा जवळपास दुप्पट झाला. सिनेमे त्या प्रमाणात रंजक झाले का? मला तरी तसं दिसत नाही.

ओढ पडद्यावर सापडत नाही, ती बघणाऱ्याच्या मनात असते. कुणाला तरी काहीतरी हवं आहे, ते मिळेल की नाही याचा भरवसा नाही, आणि मिळालं-न मिळालं तर आपल्या जिवाला लागणार आहे, एवढं जमलं की माणूस खुर्चीत रुतून बसतो.

एक साधा प्रसंग घेऊ. एक माणूस जिना चढून घरी येतोय. चार मजले. दिग्दर्शकाला वाटतं, प्रेक्षक कंटाळेल, म्हणून तो तुकडे पाडतो: बूट, कठडा, घामेजलेला चेहरा, हातातली पिशवी, पुन्हा बूट. दहा सेकंदांत बारा कट, वर ढोल वाजवणारं पार्श्वसंगीत. आता तोच जिना दुसऱ्या तऱ्हेने बघा. त्याआधी आपल्याला दाखवलं आहे की वर घरात त्याच्या बायकोला कपाटामागे दडवलेलं पत्र सापडलंय आणि ती ते उघडतेय. मग जिना एकाच शॉटमध्ये, सलग, पूर्ण चार मजले. तिसऱ्या मजल्यावर शेजारी भेटतो, दोघं पाण्याच्या टाकीबद्दल बोलतात. पहिला जिना दहा सेकंदांचा असून लांबतो. दुसरा दीड मिनिटाचा आहे, आणि त्या शेजाऱ्याचं बोलणं आवरावं की आणखी रंगावं, हेच आपल्याला ठरवता येत नाही. जिना बदलला नाही, पायऱ्या तेवढ्याच. बदललं ते आपल्याला काय ठाऊक आहे ते.

याचं मला सर्वांत लख्ख वाटणारं उदाहरण म्हणजे रोबेर ब्रेसाँचा १९५६ चा फ्रेंच सिनेमा, 'अ मॅन एस्केप्ड'. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या ल्योंच्या तुरुंगातून आंद्रे दव्हिन्यी नावाचा कैदी १९४३ मध्ये निसटला, त्याची ही गोष्ट. नावातच शेवट सांगून टाकलाय: माणूस पळाला. म्हणजे 'सुटेल का?' हा प्रश्न पोस्टरवरच मिटला. हाणामारी जवळजवळ नाही. बराचसा वेळ एका कोठडीत हा कैदी (सिनेमात त्याचं नाव फोंतेन) लोखंडी चमचा फरशीवर घासून धारदार करतो आणि त्याने दाराच्या फळ्यांच्या जोडातलं मऊ लाकूड खरवडतो. खरवडतो, थांबतो, कान देतो. पडलेला भुसा गोळा करतो. पुन्हा खरवडतो.

कागदावर हे वाचून कुणीही म्हणेल, झोप येईल. पडद्यावर मात्र त्या खरवडण्याच्या आवाजाशी आपला श्वास बांधला जातो. कारण आवाज हेच काम आहे आणि आवाज हाच धोका. जोरात घासलं तर पहारेकरी ऐकणार, हळू घासलं तर मुदत संपणार. पहारेकऱ्याच्या किल्ल्या कठड्यावर खडखडल्या की आपणही थिजतो. शेवटाकडे छपरावर खडी पसरलेली असते. पाऊल टाकलं की करकरणार, म्हणून जवळून आगगाडी धडधडत जाईपर्यंत थांबायचं, आणि त्या आवाजाच्या आडोशाने दोन पावलं सरकायचं. आपण गाडीची वाट बघू लागतो! मोठा प्रश्न सोडवून टाकल्यावर ब्रेसाँने त्याच्या जागी छोटे छोटे प्रश्न ठेवले: हा जोड सुटेल का, हा भुसा कुणाला दिसेल का, ऐन वेळी कोठडीत आणून टाकलेल्या त्या अनोळखी पोरावर विश्वास टाकायचा की त्याचा काटा काढायचा. हा शेवटचा प्रश्न तर पोटात खड्डा पाडतो.

सिडनी लुमेटच्या '१२ अँग्री मेन'मध्ये (१९५७) ९६ मिनिटांतली बहुतेक सगळी एकाच खोलीत जातात. खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष, हे बारा ज्यूरींना एकमताने ठरवायचं असतं. तिथे ओढीचं काम मतांचा आकडा करतो. अकरा विरुद्ध एक अशी सुरुवात, मग दहा विरुद्ध दोन, मग नऊ विरुद्ध तीन. दर वेळी कोण फुटणार याकडे डोळे. लुमेटने कॅमेराही हळूहळू खाली आणला आणि भिंगं बदलत नेली, त्यामुळे खोली आवळत चालल्यासारखी वाटते. बघताना हे लक्षातही येत नाही, फक्त गुदमरायला होतं.

आता उलट बाजू, कारण वेग म्हणजे वाईट असा माझा मुळीच ग्रह नाही. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) दोन तासांचा, आणि त्यात सुमारे २७०० कट. सरासरी काढली तर एका शॉटच्या वाट्याला पावणेतीन सेकंदसुद्धा येत नाहीत. तरी डोळे दमत नाहीत, कारण महत्त्वाची गोष्ट दर शॉटमध्ये जवळपास चौकटीच्या मध्यावर ठेवलेली आहे. कट पडला तरी नजर शोधत फिरत नाही. मार्गारेट सिक्सेल यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. पण हा सगळा झपाटा पेलतो तो एका अगदी साध्या ओढीवर: गाडीत लपलेल्या त्या बायका पुन्हा त्या जुलमी माणसाच्या हाती लागता कामा नयेत. ती काळजी काढून घ्या, मग उरते नुसती धूळ आणि धडधड. वेगवान सिनेमांची नक्कल करणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

सिनेमा आखूड केला की तो आपोआप पकड घेतो, हाही तसलाच समज. सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका' १९८४ मध्ये युरोपात २२९ मिनिटांचा लागला. तो काळात मागे-पुढे उड्या मारतो. म्हाताऱ्या नायकाच्या मनात सलतंय ते नेमकं काय, हे बालपणाचे तुकडे जोडत आपण शोधतो. अमेरिकेतल्या वितरणासाठी त्याची १३९ मिनिटं करण्यात आली आणि प्रसंग सरळ कालक्रमाने लावले गेले. दीड तास कमी झाला, आणि समीक्षकांनी तो नाकारला. कौतुक झालं ते लांब आवृत्तीचं. माझ्या मते घाव बसला तो क्रम बदलण्याने. म्हातारपण शेवटी नेल्यावर शोधण्यासारखं काही उरलंच नाही.

अवघड उदाहरण आहे शांताल आकेरमानचं. 'जान दिएलमन' (१९७५) हा २०१ मिनिटांचा सिनेमा तिने पंचविशीत केला, आणि २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाने घेतलेल्या, सर्वोत्तम सिनेमांसाठीच्या समीक्षकांच्या कौलात तो पहिला आला. एक बाई घरकाम करते. बटाटे सोलते, अंथरूण नीट करते, भांडी घासते, आणि आपण ते सगळं पूर्ण वेळ बघतो. पहिला तास कठीण जातो, हे कबूल केलं पाहिजे. पुष्कळ जण तिथेच उठतात आणि त्यांना मी दोष देणार नाही. पण त्या तासात आपण तिची शिस्त नकळत पाठ करत असतो. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढंच. आणि बघणारा दचकतो, कारण ही बाई असं कधीच होऊ देणार नाही, हे एव्हाना त्याला तिच्याइतकंच ठाऊक असतं. कथानकाच्या गाठीशिवायही ओढ तयार होते ती अशी. तिला वेळ लागतो, आणि तो प्रत्येक जण देईलच असं नाही.

मग कुठलाच सिनेमा खरोखर संथ नसतो का? असतो. नायिकेने हुंदका दिला, आपल्याला कळलं. मग तिची मैत्रीण विचारते काय झालं, ती पुन्हा सगळं सांगते. मग पाऊस, खिडकी, आठवणींचं गाणं. प्रश्न हुंदक्यापाशीच सुटला होता आणि नवा अजून पडलेला नाही, मधली चार मिनिटं नुसती भरलेली आहेत. अशा ठिकाणी कात्री हवीच. घरी बघत असाल तर ओळखणं सोपं आहे: जिथे कंटाळा येतो तिथे पॉज करा आणि आता कशाची भीती किंवा आशा वाटतेय ते स्वतःला विचारा. उत्तर असेल आणि तरीही जीव उबगत असेल, तर प्रसंग लांबलाय, वेगाचा दोष आहे. उत्तरच नसेल तर दोष बहुधा त्या प्रसंगात नाही, वीस मिनिटं मागे जाऊन बघा.