फ्रँकलिन, देवमाशांचे शिकारी आणि उशिरा पोचणारे टपाल

१७६८ साली लंडनमध्ये एक चक्रावून टाकणारी तक्रार येऊन पडली. बोस्टनच्या जकात मंडळाचे म्हणणे असे, की इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून न्यूयॉर्कला येणाऱ्या सरकारी टपालबोटींना लंडनहून ऱ्होड आयलंडला येणाऱ्या मालवाहू जहाजांपेक्षा जवळजवळ दोन आठवडे जास्त लागतात. नकाशा उघडून बघितला तर उलटे व्हायला हवे. फाल्मथ इंग्लंडच्या पश्चिम टोकाजवळ आहे. लंडनच्या जहाजांना आधी टेम्स नदी उतरायची, मग सगळी इंग्लिश खाडी पार करायची, तेव्हा कुठे अटलांटिक लागणार. त्यातून ही जहाजे मालाने जड झालेली आणि त्यांवर खलाशी कमी. न्यूयॉर्क आणि ऱ्होड आयलंड यांच्यात जेमतेम एका दिवसाच्या प्रवासाचे अंतर. मग पंधरा दिवस जातात कुठे?

प्रश्न बेंजामिन फ्रँकलिनकडे आला. अमेरिकेतल्या वसाहतींच्या टपालाचा कारभार तेव्हा त्याच्याकडे होता आणि राहायला तो लंडनच्या क्रेव्हन स्ट्रीटवर होता. पतंग उडवून आभाळातली वीज आणि घर्षणाने निर्माण होणारी वीज एकच आहे हे दाखवणारा म्हणून युरोपभर त्याचे नाव झाले होते. पण या कोड्यापुढे तोही अडला. योगायोगाने टिमोथी फोल्जर नावाचा एक कप्तान त्या वेळी लंडनमध्ये होता. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या नँटकेट बेटावर देवमाशांच्या शिकारीचा धंदा चाले, त्या धंद्यात मुरलेला माणूस. फ्रँकलिनची आई नँटकेटच्या फोल्जर घराण्यातली, म्हणजे हा त्याचा आजोळच्या नात्यातला भाऊ.

फोल्जरने ऐकता ऐकताच उत्तर दिले. वाटेत एक प्रवाह आहे. ऱ्होड आयलंडच्या कप्तानांना तो ठाऊक आहे, टपालबोटींच्या इंग्रज कप्तानांना नाही. देवमासे त्या प्रवाहाच्या कडेकडेने सापडतात, आत कधी सापडत नाहीत. म्हणून आम्ही कडेने फिरतो, मधूनच प्रवाह ओलांडून पलीकडे जातो आणि ओलांडताना या टपालबोटी आम्हाला नेमक्या मधोमध, प्रवाहाच्या तोंडावर चालताना दिसतात. आम्ही त्यांना ओरडून सांगतो की तुम्ही ताशी तीन मैलांच्या धारेविरुद्ध चालला आहात, बाहेर पडा. पण साध्या अमेरिकन मच्छीमारांकडून शिकण्याची त्यांना गरज वाटत नाही.

ताशी तीन मैल ऐकायला किरकोळ वाटते. पण वारा पडला तर दिवसभरात सत्तर मैल मागे! वारा मंद असेल तर शिडे फुगलेली दिसतात, जहाजाच्या कडेने पाणी सळसळत जाते, कप्तानाला वाटते आपण पुढे चाललो आहोत, आणि जहाज असते तिथेच. भर समुद्रात ओळखीची खूण नसते, म्हणून फसगत कळतही नाही. १५१३ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पॉन्से द लिऑन या स्पॅनिश दर्यावर्दीची जहाजे अनुकूल वारा असूनही मागे रेटली गेली होती, ती याच प्रवाहाने.

फ्रँकलिनने फोल्जरकडून तो प्रवाह नकाशावर रेखून घेतला, लंडनच्या माउंट अँड पेज या छापखान्यातून छापून घेतला आणि फाल्मथला पाठवला. कप्तानांनी तो बाजूला ठेवला. त्या नकाशाच्या प्रती पुढे इतक्या पूर्णपणे नाहीशा झाल्या की तो छापला होता हेच केवळ लिखाणातून माहीत राहिले. १९७८ मध्ये वुड्स होल संस्थेतले सागरशास्त्रज्ञ फिलिप रिचर्डसन यांना पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याच्या दोन प्रती मिळाल्या. आजच्या मोजमापांशी ताडून पाहिले तर फोल्जरची रेघ बऱ्याच अंशी बरोबर आहे. ज्याच्याजवळ उपग्रह नव्हता, समुद्रात रेखांश मोजण्याचे भरवशाचे घड्याळही बहुधा नव्हते, त्याने केवळ देवमाशांच्या मागे हिंडून हे साधले. मला हे फार मोठे वाटते.

या प्रवाहाला गल्फ स्ट्रीम हे नाव फ्रँकलिनच्या नकाशामुळे रूढ झाले. तो वाहतो कशाने, याचा तर्कही फ्रँकलिनने बांधला होता. उष्ण कटिबंधात वारे कायम पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, ते पाणी ढकलत अमेरिकेच्या किनाऱ्याशी नेऊन साठवतात आणि ते साठलेले पाणी वाट मिळेल तिथून बाहेर धावते. पुरावा म्हणून तो एका उथळ, दहा मैल रुंद जलाशयाचे उदाहरण देतो. जोराच्या वाऱ्याने तिथले पाणी एका बाजूला लोटले जाऊन तिकडची खोली दुप्पट झाली आणि दुसरी बाजू कोरडी पडली.

वाऱ्याचे श्रेय त्याने बरोबर ओळखले. राहिलेला दुवा हाती यायला १९४८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकन सागरशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी दाखवले की सगळी मेख पृथ्वीच्या फिरण्यात आहे. उष्ण कटिबंधातले वारे एका दिशेने आणि उत्तरेकडचे त्याच्या उलट दिशेने, असे दोन्हीकडून ढकलल्यामुळे अख्खा उत्तर अटलांटिक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने संथपणे फिरत राहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहत्या पाण्याला जो बाक मिळतो, तो विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना वाढत जातो. या फरकामुळे ते फिरते चक्र मध्यावर न राहता पश्चिमेकडे सरकून दाटते. म्हणून पूर्वेला, आफ्रिका आणि युरोपच्या बाजूला, पाणी रुंद आणि सुस्त. पश्चिमेला, अमेरिकेच्या कुशीला, तेच पाणी सुमारे शंभर किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून जोरात उसळते. फ्लोरिडापाशी सेकंदाला सुमारे तीन कोटी घनमीटर पाणी वाहते. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्या मिळून सेकंदाला बारा-तेरा लाख घनमीटर भरतात. जपानच्या किनाऱ्याला लागून वाहणारा कुरोशिओ प्रवाहही याच कारणाने घडला आहे.

फ्रँकलिनच्या आयुष्यात समुद्र मात्र या तक्रारीच्या कितीतरी आधी आला होता. बोस्टनमध्ये मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्या बापाच्या पोटी १७०६ साली जन्मलेल्या या मुलाला खलाशी व्हायचे होते. बापाने नाही म्हटले, कारण थोरला मुलगा आधीच दर्यावर निघून गेला होता. मुलगा छापखान्यात गेला. तरी आयुष्यात त्याने आठ वेळा अटलांटिक ओलांडला, आणि त्या काळी एका ओलांडण्याला चार ते दहा आठवडे लागत. १७२६ मध्ये, विसाव्या वर्षी, लंडनहून परतताना त्याने रोजनिशी ठेवली. समुद्रात तरंगणारे शेवाळ आकडीने ओढून घेतले, त्यात खिळ्याच्या डोक्याएवढे खेकडे सापडले. हे खेकडे शेवाळातूनच जन्मतात की काय, अशी शंका येऊन त्याने ते शेवाळ खाऱ्या पाण्यात ठेवले आणि रोज पाणी बदलून वाट पाहिली. तर्क चुकीचा होता. पण तपासण्याची रीत तीच, जी पुढे साठ वर्षे टिकली.

१७५७ चा प्रवास तर मला शाळेत शिकवावासा वाटतो. जहाज ताफ्यात सगळ्यांत मंद निघाले. कप्तानाने अनेक तर्क केले आणि शेवटी प्रवाशांसकट सगळ्या चाळीसेक जणांना जहाजाच्या मागच्या टोकाला जाऊन उभे राहायला सांगितले. जहाजाने लगेच वेग घेतला. पाण्याची सगळी पिंपे पुढच्या बाजूला रचली होती, नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, खाली दबली होती. पिंपे मागे हलवल्यावर तेच जहाज ताफ्यात सर्वांत वेगवान ठरले. फ्रँकलिनने यातून जो विचार काढला तो असा: जहाज बांधतो एक, भरतो दुसरा, चालवतो तिसरा, आणि तिघांचे ज्ञान एकत्र करून कोणी प्रयोग करत नाही.

त्याच प्रवासात त्याला दोन जहाजांच्या मागचे पाणी विलक्षण गुळगुळीत दिसले. कप्तान म्हणाला, आचाऱ्यांनी तुपकट खरकटे पाणी ओतले असेल. कप्तानाच्या बोलण्यात थोडी तुच्छताही होती, एवढे कसे माहीत नाही म्हणून. फ्रँकलिनने ती मनावर घेतली नाही, गोष्ट मात्र घेतली. पुढे लंडनजवळ क्लॅपहॅम कॉमनच्या तळ्यावर वारा असताना त्याने चहाच्या चमच्याहून जास्त नसेल एवढे तेल ओतले. तवंग पसरत गेला आणि अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे पाणी आरशासारखे शांत झाले. चमचाभर तेल वीस गुंठ्यांवर पसरवले तर थराची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-तीन पट येते, म्हणजे जेमतेम एका रेणूएवढी. हा भागाकार फ्रँकलिनने केला नाही. रेणू मोजण्याची कल्पनाच तेव्हा नव्हती. तेलाच्या थरावरून रेणूचा आकार काढण्याचे काम इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९० मध्ये केले.

मग १७७५. इंग्लंड आणि वसाहतींमधला समेट फसला होता, फ्रँकलिनची टपालाची नोकरी आदल्या वर्षी काढून घेतली होती, बायको डेबोरा गेली होती. मार्चमध्ये तो घरी निघाला. जहाजावर त्याने फसलेल्या वाटाघाटींचा लांबलचक वृत्तांत मुलाला लिहायला घेतला, आणि रोज दोन ते चार वेळा दोरीला थर्मामीटर बांधून समुद्रात सोडला. प्रवाहात शिरले की पारा चढतो, बाहेर पडले की उतरतो, हे त्याला लख्ख दिसले. कॅरिबियनचे ऊन खाल्लेले पाणी इतक्या वेगाने उत्तरेला येते की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. म्हणजे ज्या खलाशाला देवमासे ओळखता येत नाहीत, त्यालाही काचेच्या नळीने प्रवाहाची कड सापडू शकते. तो समुद्रात असतानाच बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला गोळ्या झाडल्या गेल्या आणि वसाहतींचे इंग्लंडविरुद्धचे युद्ध पेटले.

पुढच्या वर्षी सत्तराव्या वर्षी तो दोन नातवांना घेऊन फ्रान्सची मदत मागायला निघाला. ब्रिटिश आरमाराने पकडले असते तर राजद्रोहाचा खटला आणि फास ठरलेला. त्या ओलांडणीतही पाण्याचे तापमान नोंदले गेले आहे.

देवमासे कडेलाच का, याचे कारण आता कळते. प्रवाहाच्या उत्तरेचे थंड पाणी खनिज पोषणाने समृद्ध असते, त्यात सूक्ष्म वनस्पती आणि त्यांवर जगणारे जीव फोफावतात. प्रवाहातले उबदार पाणी वरच्या थरात त्या मानाने उपाशी असते. दोन्हींच्या सीमेवर खाद्य गोळा होते. फ्रँकलिनने आणखी एक निरीक्षण लिहून ठेवले आहे, की प्रवाहाचे पाणी रात्री चमकत नाही. चमक सूक्ष्म जीवांची असते हे लक्षात घेतले, तर दोन्ही निरीक्षणे एकमेकांशी जुळतात.

१७८५ च्या जुलैमध्ये तो शेवटचा निघाला. वय एकोणऐंशी, मूतखड्याचा त्रास असा की पॅरिसजवळच्या पॅसीहून किनाऱ्यापर्यंत फ्रान्सच्या राणीच्या डोलीतून आणावे लागले. मित्रांनी विनवले होते की आता निवांत वेळ मिळेल, अर्धवट राहिलेले आत्मचरित्र पूर्ण कर. त्याने जहाजावर समुद्राविषयीचा मोठा निबंध लिहिला. त्यात गल्फ स्ट्रीमचा नकाशा आहे, चिनी जहाजांप्रमाणे तळाचे बंदिस्त कप्पे करा म्हणजे एका भोकाने सगळे जहाज बुडणार नाही अशी सूचना आहे, वादळात रस्सा सांडणार नाही अशा वाडग्याचा आराखडाही आहे. भाचीचा मुलगा जोनाथन विल्यम्स याने रोजचे तापमान घेतले. एकदा त्यांनी घट्ट बुच मारलेली रिकामी बाटली खाली सोडली. वीस वावांवरून (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) ती रिकामीच वर आली. पस्तीस वाव सोडली तेव्हा दाबाने बुच आत गेले, बाटली भरली, आणि वर आलेले पाणी पृष्ठभागापेक्षा थंड निघाले.

१४ सप्टेंबरला जहाज फिलाडेल्फियाच्या मार्केट स्ट्रीटच्या धक्क्याला लागले. सतराव्या वर्षी घरातून पळून आलेला फ्रँकलिन याच धक्क्यावर उतरला होता. आत्मचरित्र त्या प्रवासात एक ओळही पुढे सरकले नव्हते.