ड्युअल ॲक्सिस स्टिअरिंग (डॅस)

ड्युअल ॲक्सिस स्टिअरिंग, संक्षेपाने डॅस, ही मर्सिडीज संघाने फॉर्म्युला वनच्या २०२० च्या हंगामात आपल्या डब्ल्यू११ गाडीत बसवलेली यंत्रणा. स्टिअरिंग नेहमीप्रमाणे डावी-उजवीकडे फिरायचेच, शिवाय चालकाला ते स्वतःकडे ओढता आणि पुन्हा पुढे ढकलता यायचे. असे केले की पुढच्या दोन चाकांचा एकमेकांशी असलेला कोन बदलत असे. जेमतेम एक हंगाम वापरात राहून ही यंत्रणा बंदीमुळे संपली. तिने किती वेळ वाचवला यापेक्षा ती नियमात बसते की नाही यावरच जास्त चर्चा झाली, आणि खरे कुतूहल आहेही तिथेच.

शर्यतीच्या गाडीच्या पुढच्या चाकांना सहसा किंचित ‘टो-आउट’ दिलेला असतो. वरून पाहिले तर चाकांची पुढची टोके बाहेरच्या बाजूला थोडी फाकलेली दिसतात. आपल्याकडे गॅरेजमध्ये व्हील अलाइनमेंट करताना तपासतात तो हाच कोन. टो-आउटमुळे गाडी वळणात चटकन शिरते, कारण वळणाच्या आतल्या बाजूचे चाक आधीच तिकडे रोखलेले असते. त्याची भरपाई सरळ पट्ट्यावर करावी लागते. तिथे दोन्ही टायर आपापल्या दिशेला जाऊ पाहतात, गाडी मात्र त्यांना सरळ ओढून नेते. मग रबर घासते, तापते आणि थोडा वेगही खाते. त्यात ही चाके वरच्या बाजूने आत कललेली असतात, त्यामुळे सरळ धावताना टायरच्या आतल्या कडेलाच जास्त सोसावे लागते.

हा टो पिटमध्ये ठरतो आणि पात्रता फेरी (शर्यतीतले सुरुवातीचे क्रमांक ठरवणारे सत्र) सुरू झाली की त्याला हात लावता येत नाही. वळणांचे भले बघायचे की सरळ पट्ट्याचे, ही तडजोड प्रत्येक संघ करतच आला. डॅसमुळे ती करण्याची गरज उरली नाही. सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग ओढले की चाके समांतरतेकडे यायची आणि ब्रेक मारायच्या आधी ते पुढे ढकलले की पुन्हा फाकायची. प्रत्यक्ष शर्यतींत तिचा ठळक वापर झाला तो टायर तापवण्यासाठी. पात्रता फेरीत वेगवान फेरीच्या आधीची फेरी, शर्यतीपूर्वीची फॉर्मेशन लॅप (सगळ्या गाड्यांची संथ फेरी), अपघातानंतर गाड्यांचा वेग आवरायला येणाऱ्या सेफ्टी कारच्या मागची रखडपट्टी अशा वेळी पुढचे टायर थंड पडतात आणि थंड टायरला पकड नसते. चालकाच्या हाताशी तापमानाची आणखी एक चावी असणे तेव्हा फार मोलाचे ठरते.

बाहेरच्या जगाला डॅस पहिल्यांदा दिसली २० फेब्रुवारी २०२० रोजी, बार्सिलोनाजवळच्या कातालुन्या सर्किटवर हंगामपूर्व चाचणीच्या दुसऱ्या दिवशी. मर्सिडीजचा चालक लुईस हॅमिल्टन याच्या गाडीवरच्या कॅमेऱ्यात सरळ पट्ट्यावर त्याचे हात स्टिअरिंगसकट छातीकडे सरकताना आणि वळणाआधी परत जाताना स्पष्ट दिसले. असे कुणी याआधी पाहिले नव्हते. मर्सिडीजचे तांत्रिक संचालक जेम्स ॲलिसन यांनी त्याच दिवशी नाव सांगून टाकले आणि एफआयएशी, म्हणजे खेळाच्या नियामक संस्थेशी, आपले या विषयावर बऱ्याच दिवसांपासून बोलणे चालू असल्याचेही सांगितले. यंत्रणेच्या पोटात काय आहे हे मात्र त्यांनी गुलदस्त्यात ठेवले.

ॲलिसन यांनी पुढे सांगितलेली हकिकत मजेदार आहे. कल्पना मुख्य डिझायनर जॉन ओवेन यांची. मर्सिडीजला ती २०१९ मध्येच आणायची होती आणि तेव्हाच्या आराखड्यात दुसऱ्या अक्षाची हालचाल स्टिअरिंगवरच्या एका लिव्हरने होणार होती. एफआयएने तत्त्व नाखुशीने मान्य केले, पण लिव्हरला नकार दिला: करायचेच असेल तर सगळे स्टिअरिंगच पुढे-मागे हलले पाहिजे. हे काही संघाला जमायचे नाही, अशी एफआयएची आशा असावी, असा ॲलिसन यांचा कयास. ओवेन यांनी ते जमवले. गंमत अशी, की पुढे वाद झाला तेव्हा हीच अट मर्सिडीजच्या पथ्यावर पडली. लिव्हरने हलणारी वस्तू ‘स्टिअरिंग’ आहे हे पटवणे अवघड गेले असते. स्टिअरिंगनेच हलणाऱ्या वस्तूबद्दल ते तुलनेने सोपे.

आता नियमांकडे. २०२० च्या तांत्रिक नियमावलीत स्टिअरिंगवर बंधने थोडीच होती. दोनपेक्षा जास्त चाकांची दिशा बदलता कामा नये, आणि पॉवर स्टिअरिंगने चालकाचे श्रम कमी करण्यापलीकडे काही करू नये, शिवाय ते इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर वा विजेवर चालू नये. स्टिअरिंग फक्त फिरलेच पाहिजे, असे कुठेही म्हटलेले नव्हते. सस्पेन्शनचे नियम याउलट कडक. कलम १०.२.३ नुसार गाडी धावत असताना सस्पेन्शनमध्ये कोणताही फेरबदल करता येत नाही. कलम ३.८ नुसार हवेच्या प्रवाहावर परिणाम करणारे भाग गाडीच्या स्प्रिंगवर तोललेल्या भागाच्या संदर्भात अचल हवेत. चाकाचा कोन बदलला की त्याभोवतीची हवा बदलतेच. म्हणजे डॅस सस्पेन्शनचा भाग ठरली तर अवैध, स्टिअरिंगचा भाग ठरली तर वैध. सगळा खटला या एका वर्गीकरणावर उभा होता.

कोविडमुळे मेलबर्नची शर्यत रद्द झाली आणि हंगाम थेट जुलैत, ऑस्ट्रियातल्या श्पीलबर्गच्या रेड बुल रिंगवर सुरू झाला. शुक्रवारी, ३ जुलै रोजी, दुसरे सराव सत्र आटोपल्यावर रेड बुल संघाने हॅमिल्टन आणि मर्सिडीजचा दुसरा चालक वाल्टेरी बोटास या दोघांच्या गाड्यांविरुद्ध वरील दोन कलमांच्या आधारे तक्रार दाखल केली. एफआयएच्या तांत्रिक विभागाने डॅसला हरकत घेतली नव्हती हे खरे. पण त्या विभागाचे म्हणणे हा सल्ला असतो, निकाल नव्हे. शर्यतीच्या ठिकाणी निर्णय स्टुअर्ड्स, म्हणजे पंच, देतात. त्यामुळे महिनोन्‌महिने आधी दाखवून घेतलेली वस्तूही त्यांच्यापुढे नव्याने सिद्ध करावी लागते.

पंचांनी तक्रार फेटाळली. निकालपत्रात त्यांनी आधी रेड बुलच्या बाजूचे एक मोठे विधान मान्य केले: डॅस स्टिअरिंगचा भाग नसेल, तर ती अनेक प्रकारे नियमभंग करते. मग प्रश्न उरला एकच, आणि त्याचे उत्तर त्यांनी असे दिले, की जोडणीच्या दृष्टीने आणि कार्याच्या दृष्टीनेही डॅस स्टिअरिंगचाच भाग आहे, भले ते रूढ स्टिअरिंग नसेल. स्टिअरिंगचा भाग ठरल्यावर सस्पेन्शनच्या नियमांतून स्टिअरिंगला मिळणारी गृहीत सूटही तिला मिळते. ही सूट नसती तर साधे वळणसुद्धा बेकायदा ठरले असते, कारण प्रत्येक वळणावर धावत्या गाडीत चाकांची दिशा बदलते आणि हवेचा प्रवाहही. रेड बुलने पुढे अपील केले नाही. आपल्याला फक्त स्पष्टता हवी होती, अशी त्यांची भूमिका राहिली.

निकाल नियमाच्या शब्दांना धरून होता, असेच म्हणावे लागेल. रूढ स्टिअरिंगमध्ये दोन्ही चाके एकाच दिशेला वळतात आणि डॅसमध्ये विरुद्ध दिशांना, हा फरक खरा आहे. तो निर्णायक मानण्याजोगे वाक्य मात्र २०२० च्या नियमांत सापडत नाही. साध्या स्टिअरिंगमध्येही दोन चाके अगदी सारख्या कोनात वळतात असे नाही, कारण आतल्या चाकाला लहान वर्तुळ कापावे लागते. सगळ्यात बोलका पुरावा एफआयएनेच देऊन ठेवला होता. नव्या तांत्रिक नियमांचा २०२१ साठीचा जो मसुदा ऑक्टोबर २०१९ अखेर जाहीर झाला, त्यातल्या कलम १०.५.२ मध्ये चाकांची दिशा केवळ एका स्टिअरिंगच्या फिरण्यावरूनच ठरली पाहिजे आणि सस्पेन्शनच्या आतल्या जोडबिंदूंमधले अंतर कायम राहिले पाहिजे, असे लिहिलेले होते. चालू नियमांनीच डॅस अडत असती तर हे वाक्य घालायचे कारण नव्हते.

याच वर्गीकरणाने पूर्वी एका संघाचा घात केला होता. १९९७ मध्ये मॅक्लारेनने आपल्या गाडीत ब्रेकचे एक जादा पेडल बसवले. त्याने मागचे एकच चाक रोखून गाडी वळणात घुमवता यायची. वळणातून बाहेर पडून वेग घेताना मागच्या ब्रेकची डिस्क लाल तापलेली कशी, असा प्रश्न छायाचित्रकार डॅरेन हीथ यांना पडला आणि नुरबर्गरिंगवर बंद पडलेल्या मॅक्लारेनच्या कॉकपिटमध्ये कॅमेरा घालून त्यांनी ते पेडल टिपले. एफआयएचे चार्ली व्हाइटिंग यांनी ही रचना आधी मान्य केली होती. तरी १९९८ च्या ब्राझील ग्रां प्रीत फेरारीच्या तक्रारीवर पंचांनी ती ब्रेक नसून स्टिअरिंग आहे, म्हणून अवैध, असा निर्णय दिला. डॅस स्टिअरिंग ठरली म्हणून वाचली, हे पेडल स्टिअरिंग ठरले म्हणून गेले. (ते काढून टाकूनही मॅक्लारेनने ती शर्यत पहिल्या दोन क्रमांकांसह जिंकली.) २००६ मध्ये रेनोचा मास डॅम्पर (गाडीचे हिसके शोषणारे, स्प्रिंगवर बसवलेले वजन) तर गाडीच्या आत, हवेपासून लपलेला असूनही ‘हलणारे वायुगतिक साधन’ म्हणून बाद झाला. त्या निकालातला ताणलेला अर्थ पाहता रेड बुलने नशीब आजमावले यात नवल नाही.

ऑस्ट्रियातली शर्यत बोटासने जिंकली. त्या हंगामातल्या १७ पैकी १३ शर्यती मर्सिडीजच्या नावावर लागल्या आणि हॅमिल्टनने सातवे विजेतेपद मिळवून मायकेल शूमाकरची बरोबरी केली. हे श्रेय डॅसला देणे चुकीचे ठरेल. डब्ल्यू११ तिच्याविनाही इतरांच्या पुढेच होती. कोविडमुळे गाड्यांचे नवे नियम २०२२ वर ढकलले गेले, तरी डॅसला रोखणारी तरतूद २०२१ साठी कायम ठेवण्यात आली आणि मर्सिडीजची पुढची गाडी, डब्ल्यू१२, फक्त फिरणारे स्टिअरिंग घेऊन धावली.