मेणबत्तीचं मेण गेलं कुठे?

मेणबत्ती पूर्ण जळून संपली. मेणाचं काय झालं? ते सगळं वितळून खाली ओघळलं? जळून नाहीसं झालं? त्याची ऊर्जा झाली? की त्याचे डोळ्यांना न दिसणारे वायू झाले?

अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना एका चाचणीत हा बहुपर्यायी प्रश्न घातला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी ‘वितळून ओघळलं’ हा पर्याय निवडला. साहजिकच आहे, कारण ओघळणारं मेण प्रत्येकाने पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात वातीतून वर चढलेल्या मेणाची ज्योतीच्या उष्णतेने वाफ होते, ती वाफ हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळते आणि तिचा कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ होते. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही.

हार्वर्डमधल्या फिलिप सॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी मुलांबरोबर त्यांच्या शिक्षकांनाही दिली. शिक्षकांना प्रत्येक प्रश्नावर दोन खुणा करायच्या होत्या: बरोबर उत्तर कोणतं, आणि तुमची मुलं सर्वांत जास्त कोणतं चुकीचं उत्तर देतील. 181 शिक्षक, साडेनऊ हजारांहून जास्त विद्यार्थी आणि 20 प्रश्न. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांची सुमारे 85 टक्के उत्तरं बरोबर होती. मुलांची नेमकी चूक मात्र त्यांना निम्म्यापेक्षा कमी वेळा ओळखता आली.

वर्षअखेरीस मुलांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तेव्हा फरक दिसला. ज्या प्रश्नांमागे चुकीची समजूत घट्ट रुतलेली नव्हती, तिथे शिक्षकाला विषय नीट येणं पुरेसं ठरलं. मेणबत्तीसारख्या प्रश्नांत तेवढ्याने भागलं नाही. बरोबर उत्तर आणि मुलांची चूक या दोन्ही गोष्टी ज्या शिक्षकांना ठाऊक होत्या, त्यांचीच मुलं ठळकपणे पुढे गेली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण शिक्षकाची तयारी म्हणजे काय, या प्रश्नाला तो नेमकं आणि मोजता येणारं उत्तर देतो. त्याला एक मर्यादाही आहे. ज्या मुलांचं वाचन आणि गणित कच्चं होतं, त्यांना शिक्षकाच्या या जाणकारीचाही फारसा लाभ झाला नाही.

मुलं कुठे अडतात, या ज्ञानाची वेगळी दखल पहिल्यांदा ठामपणे घेतली ती स्टॅनफर्डच्या ली शुलमन यांनी, 1986 मध्ये. विषय येणं एक, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धती येणं दुसरं, आणि हाच विषय याच मुलांना कुठे अडतो व तिथे कोणतं उदाहरण द्यावं हे कळणं तिसरं, अशी त्यांची मांडणी होती. आपल्याकडे बी.एड.ला ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ शिकवतात, तिचं नातं या तिसऱ्या गोष्टीशी आहे.

जर्मनीत बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या युर्गेन बाउमर्ट, मारेइके कुंटर आणि सहकाऱ्यांनी हेच दहावीच्या गणितात तपासलं. त्यांनी शिक्षकांना विचारलेला एक प्रश्न असा होता: ‘उणे एक गुणिले उणे एक म्हणजे अधिक एक कसं, हे मला कळत नाही, असं एखादा विद्यार्थी म्हणाला, तर त्याला किती वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावाल?’ नियम सांगून मोकळं होणं इथे चालत नाही. एक वाट अशी: 2 गुणिले उणे 1 म्हणजे उणे 2, 1 गुणिले उणे 1 म्हणजे उणे 1, 0 गुणिले उणे 1 म्हणजे 0. दर पायरीला उत्तर एकाने वाढतं, मग पुढची पायरी कोणती? दुसरी वाट कंसाची: 1 आणि उणे 1 यांची बेरीज शून्य, तिला उणे 1 ने गुणलं तरी शून्यच. कंस सोडवला की पहिला गुणाकार उणे 1 येतो, म्हणजे दुसरा अधिक 1 असायलाच हवा. आणखी एका प्रश्नात समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ काढताना मुलं अडखळतील अशी आकृती शिक्षकांनाच काढायची होती. उत्तर असं, की चौकोन इतका तिरका काढायचा, की वरून टाकलेला लंब पायाच्या बाहेर पडेल.

अशा प्रश्नांना भरघोस उत्तरं देणाऱ्या शिक्षकांच्या वर्गांची वर्षभरातली प्रगती जास्त होती. नुसत्या विषयज्ञानाचा प्रगतीशी असलेला संबंध त्या मानाने क्षीण होता. पण विषय कच्चा असेल तर समजावण्याच्या वाटाही सुचत नाहीत, हेही याच अभ्यासात दिसलं. ‘पद्धत येत असली की कोणताही विषय शिकवता येतो’ हे म्हणणं म्हणूनच मला पटत नाही.

पदवीच्या कागदावर यातलं काही उमटतं का? भारतातल्या एका जिल्ह्यातल्या खासगी शाळांच्या बारावीच्या 8,319 विद्यार्थ्यांचे निकाल मेहताबुल आझम आणि गीता किंगडन यांनी त्या-त्या विषयाच्या शिक्षकांशी जोडून पाहिले. शिक्षक बदलला की निकालात मोठा फरक पडत होता. पण कोण शिक्षक चांगला ठरेल, हे त्याच्या बायोडेटावरून ओळखता येत नव्हतं. बी.एड.चे पाठ आठवून पाहा. टाचण सुबक हवं, फलक लेखन नेटकं हवं, निरीक्षण वहीवर सही हवी. मुलं या घटकात नेमकी कुठे चुकतील, याची जागा टाचणात क्वचितच असते. असलीच तर शेवटच्या ओळीत.

महाविद्यालयात तर ही तयारी नोकरीची अटच नाही. नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. झाली की माणूस शंभर मुलांसमोर उभा राहू शकतो. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभिक्षमतेचे प्रश्न असतात, पण एकही तास घेऊन दाखवावा लागत नाही. तासिका तत्त्वावर एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावणाऱ्या प्राध्यापकाकडून आपण कसली अपेक्षा ठेवतो, हेही यानिमित्ताने विचारायला हवं.

महाविद्यालयाच्या वर्गात तयारीने काय घडतं, याचा एक प्रयोग 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या दोन मोठ्या तुकड्या घेतल्या. एकीला एक आठवडा नावाजलेल्या, अनुभवी प्राध्यापकाने नेहमीसारखी व्याख्यानं दिली. दुसरीला शिकवलं अध्यापनाचा फारसा अनुभव नसलेल्या तरुण संशोधकाने, पण नोबेल विजेते कार्ल वीमन यांच्या गटाने त्याची तयारी करून घेतली होती. प्रश्न द्यायचा, शेजाऱ्याशी चर्चा करू द्यायची, उत्तर नोंदवून घ्यायचं आणि चूक दिसेल तिथे थांबून समजवायचं. त्यानंतरच्या चाचणीत पहिल्या तुकडीची सरासरी 41 टक्के होती, दुसरीची 74. एकाच आठवड्याचा प्रयोग, म्हणून शंका घेता येते. पण स्कॉट फ्रीमन यांच्या गटाने 2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिक्षणाचे 225 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही नापास होण्याचं प्रमाण व्याख्यानांच्या वर्गांत सुमारे 34 टक्के आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 22 टक्के निघालं.

मग ही पद्धत सगळीकडे का पसरत नाही? एक कारण 2019 मध्ये हार्वर्डमध्येच सापडलं. अशा तासानंतर विद्यार्थ्यांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण ‘आपण किती शिकलो’ असं विचारल्यावर कमी शिकल्याचं सांगितलं. ओघवतं व्याख्यान ऐकलं की सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः झटापट करावी लागली की आपल्याला येत नाही असं वाटतं. आपल्याकडे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी विद्यार्थ्यांकडून अभिप्राय भरून घेतात, त्यावरून प्राध्यापक जोखताना हे ध्यानात ठेवावं लागेल. संशोधकांनी सुचवलेला उपाय सोपा आहे: सत्राच्या सुरुवातीलाच विद्यार्थ्यांना या पद्धतीमागचं कारण आणि हे आकडे दाखवायचे. त्यांनी तसं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांची नाराजी कमी झाली.