परिपत्रक (महाविद्यालयीन, कोल्हापूर)

महाविद्यालयातील प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी यांना सेवा, वेतन, रजा, परीक्षा, सभा, सुट्ट्या आणि परिसरातील घडामोडी यांबाबत अधिकृतपणे कळविण्यासाठी काढलेले पत्र. ‘परि’ म्हणजे सभोवार. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, एका विभागातून दुसऱ्या विभागात सभोवार फिरते, ते परिपत्रक. कोल्हापूरच्या स्टाफरूममध्ये सर्क्युलर, नोटीस आणि जी.आर. हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात तिन्ही वेगळे आहेत. शासन निर्णय, म्हणजे जी.आर., मंत्रालयातील विभाग राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने काढतो आणि त्यातून हक्क किंवा बंधन निर्माण होऊ शकते. परिपत्रक आधीच ठरलेल्या गोष्टीची अंमलबजावणी कशी करायची ते सांगते. नोटीस ही प्राचार्यांच्या सहीची, त्या महाविद्यालयापुरती सूचना असते. हा फरक शब्दच्छलासाठी नाही. परिपत्रकाने जी.आर.मधील हक्क कमी करता येत नाही, हे ज्या कर्मचाऱ्याला माहीत असते तो आपली बाजू नीट मांडू शकतो.

पूर्वपीठिका. कोल्हापूरला प्रशासकीय लेखनाची परंपरा जुनी आहे. शिवकाळात राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. संस्थानी काळात करवीर दरबारचे, म्हणजे कोल्हापूर संस्थानचे, हुकूम, ताकिदी व जाहीरनामे मोडी लिपीत लिहिले जात. ते कागद आज कोल्हापूर पुराभिलेखागारात पाहायला मिळतात. या कागदांत सर्वांत महत्त्वाचा जाहीरनामा २६ जुलै १९०२ चा. राजर्षी शाहू महाराज त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकरीत रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा तो आदेश करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला. सामाजिक इतिहास म्हणून त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कार्यालयीन कागद म्हणूनही तो शिकण्यासारखा आहे. कोणत्या जागा, कोणासाठी, कोणी भरायच्या हे त्यात थोडक्यात सांगितले आहे आणि शेवटी प्रत्येक खातेप्रमुखाने आदेशानंतर झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारला सादर करावा, असे बजावले आहे. आदेश काढला की काम संपले असे महाराजांनी मानले नाही. तो पाळला जातो की नाही हे कळण्याची वाट त्याच कागदात ठेवली. आजच्या परिपत्रकांत नेमकी हीच ओळ पुष्कळदा नसते.

महाविद्यालयीन शिक्षणाची सुरुवात येथे १८८० मध्ये राजाराम कॉलेजने झाली. ते आधी मुंबई विद्यापीठाशी व नंतर पुणे विद्यापीठाशी संलग्न होते, त्यामुळे विद्यापीठाचे टपाल बाहेरगावाहून येई. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले आणि परिपत्रके निघण्याचे ठिकाण कोल्हापुरातच आले. विद्यानगरचा विद्यापीठ परिसर सुमारे ८५३ एकरांचा आहे. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यापासून कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत आहेत.

परिपत्रक कोठून येते. अनुदानित महाविद्यालयातील कर्मचारी एकाच वेळी अनेक कार्यालयांचा असतो. वेतन राज्य शासनाच्या उच्च शिक्षण विभागाकडून, तेही कोल्हापूर विभागाच्या सहसंचालक कार्यालयामार्फत. अभ्यासक्रम, परीक्षा व प्राध्यापकपदाची मान्यता विद्यापीठाकडून. पात्रता व पदोन्नतीच्या किमान अटी विद्यापीठ अनुदान आयोगाकडून. नेमणूक व बदली महाविद्यालय चालवणाऱ्या शिक्षण संस्थेकडून. रोजचे काम प्राचार्यांकडून. कोल्हापूरचे वैशिष्ट्य असे, की यातील संस्था ही पायरी येथे फार भक्कम आहे. डॉ. बापूजी साळुंखे यांची श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था कोल्हापूरची. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची, मुख्यालय साताऱ्याला. अशा मोठ्या संस्थांच्या शाखा अनेक तालुक्यांत असल्यामुळे त्यांच्या मुख्य कार्यालयातून निघणारा बदल्यांचा कागद हा शेकडो घरांचा विषय होतो. मुलांची शाळा, भाड्याचे घर, आईवडिलांचे दवाखाने, सारे त्या एका ओळीवर अवलंबून असते. बदलीची परिपत्रके वेळेत, शाळा सुरू होण्याच्या पुरेशी आधी निघावीत, ही कर्मचाऱ्यांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे.

विद्यापीठ स्तरावर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद हे शब्द परिपत्रकांत येतात ते या कायद्यातील अर्थाने. बोलताना मात्र कुलगुरूंना ‘व्ही.सी.’ आणि कुलसचिवांना ‘रजिस्ट्रार’च चालते. याच कायद्याच्या कलम ९७ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिची वर्षातून किमान ४ वेळा बैठक व्हावी लागते आणि तिच्यात अध्यापक व शिक्षकेतर यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. या बैठकांचे इतिवृत्त सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचले, तर महाविद्यालयातील निम्म्या अफवा आपोआप थांबतील.

रचना व भाषा. वरच्या बाजूला जावक क्रमांक (बाहेर जाणाऱ्या पत्राचा नोंद क्रमांक) व दिनांक, मग ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’, मजकूर, सही व शिक्का, आणि तळाला ‘प्रत माहितीस्तव व आवश्यक त्या कार्यवाहीस्तव’ अशी यादी. नवखे प्राध्यापक विषय वाचून कागद ठेवून देतात. मुरलेला कार्यालयीन अधीक्षक आधी संदर्भ वाचतो, कारण कोणत्या जुन्या आदेशाच्या आधारे हे निघाले ते तेथे कळते. आणि मग तळाची प्रत-यादी, कारण कोणाकोणाला हे कळले आहे ते तेथे दिसते.

काही शब्द नीट समजून घ्यावेत असे आहेत. ‘अधिक्रमित’ म्हणजे आधीचा आदेश रद्द होऊन त्याच्या जागी नवा आला. ‘शुद्धिपत्रक’ केवळ चूक दुरुस्त करते, बाकीचा आदेश तसाच राहतो. ‘पूरकपत्र’ मूळ आदेशात भर घालते. ‘कार्योत्तर मान्यता’ म्हणजे काम आधी झाले, मंजुरी नंतर. ‘भूतलक्षी प्रभावाने’ म्हणजे मागील तारखेपासून. सातव्या वेतन आयोगाचेच पाहा : महाविद्यालयीन व विद्यापीठीय अध्यापकांसाठीचा शासन निर्णय ८ मार्च २०१९ चा, पण वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू. मधल्या काळाची थकबाकी, वेतननिश्चिती, तिची पडताळणी, सेवापुस्तकातील नोंद या प्रत्येक पायरीवर वेगळी पत्रे निघाली आणि प्रत्येक पत्रासाठी स्टाफरूममध्ये गर्दी झाली. महागाई भत्त्याच्या कागदाइतके आतुरतेने दुसरे कोणतेही परिपत्रक वाचले जात नाही. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना सर्वसाधारणपणे जुने निवृत्तिवेतन लागू नाही. त्यामुळे एकाच टेबलावर बसलेले दोन सहकारी निवृत्तिवेतनाचे पत्र वेगवेगळ्या काळजीने वाचतात.

भाषेबद्दल एक तक्रार नोंदवायलाच हवी. ‘उपरोक्त संदर्भीय विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की’ या वळणाने सुरू झालेले वाक्य तिसऱ्या ओळीत पोहोचेपर्यंत काम कोणी करायचे हेच हरवते. मराठीला राज्यकारभाराची भाषा ठरवणारा राजभाषा अधिनियम १९६४ चा. भाषा संचालनालयाने प्रशासनासाठी परिभाषा घडवली, ती बहुतांशी चांगली आहे. दोष शब्दांचा नाही, कर्ता गाळण्याच्या सवयीचा आहे. ‘माहिती सादर करण्यात यावी’ यापेक्षा ‘विभागप्रमुखांनी माहिती शुक्रवारी दुपारी ४ पर्यंत आस्थापना शाखेत द्यावी’ हे वाक्य लांब असले तरी प्रामाणिक आहे.

पोच. परिपत्रक काढणे आणि ते पोहोचणे या दोन गोष्टी आहेत. पूर्वी नोटीसवही फिरे. शिपाई मामा वही घेऊन वर्गाच्या दारात उभे राहत, सर-मॅडम तास थांबवून वाचत, नावासमोर सही करत. किती जणांना कळले, कोण रजेवर होते, कोणाची सही राहिली, सारे त्या पानावर दिसे. वही फिरायला दिवस जाई, पण तिच्यात पोच होती. आता परिपत्रक संकेतस्थळावर व ई-मेलवर येते आणि तेथून त्याचा फोटो व्हॉट्सअॅप गटात पडतो. चंदगड तालुका कोल्हापूरपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. तेथील महाविद्यालयाला विद्यापीठाचे पत्र आता त्याच मिनिटाला मिळते. ही सोय लहान नाही. पण गटात संदेश दिसला म्हणजे आदेश बजावला, असे धरून चालणे चूक आहे.

सर्वांत जास्त नुकसान तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, प्राध्यापकांचे होते. सी.एच.बी. म्हणून ओळखले जाणारे हे शिक्षक अनेकदा दोन-दोन महाविद्यालयांत तास घेतात, कायम कर्मचाऱ्यांच्या गटात नसतात, आणि देयक सादर करण्याची मुदत त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळते. प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालय परिचर, कंत्राटी लिपिक यांचीही तीच स्थिती. ज्याच्या पगाराचा प्रश्न त्यालाच कागद शेवटी, हा क्रम उलटा व्हायला हवा. शिक्षकांच्या बाजूने शिवाजी विद्यापीठ शिक्षक संघ, म्हणजे ‘सुटा’, ही संघटना सेवाविषयक प्रश्न मांडत आली आहे. पण संघटनेने अर्थ सांगावा आणि कार्यालयाने मूळ कागद द्यावा, ही वाटणी असली पाहिजे.

फोटोतून आलेल्या पत्राची खात्री करण्याची रीत साधी आहे. जावक क्रमांक व दिनांक आहे का, सही करणाऱ्याचे पदनाम त्या विषयाशी जुळते का, मूळ संकेतस्थळावर तेच पत्र आहे का, हे पाहावे. शासन निर्णयावर संगणक संकेतांक छापलेला असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत समोर येते.

परीक्षा व पूर. परीक्षेच्या काळात परिपत्रकांची संख्या वाढते : पर्यवेक्षणाच्या नेमणुका, भरारी पथके, मध्यवर्ती मूल्यमापन. परीक्षेचे काम ऐच्छिक नाही. विद्यापीठ अधिनियमाच्या कलम ४८ (४) नुसार ते अध्यापक व शिक्षकेतर दोघांवरही बंधनकारक आहे. निकाल ३० दिवसांत व उशिरात उशिरा ४५ दिवसांत लावायचा असल्याने ही पत्रे ‘अतितातडीचे’ अशा शिक्क्यानिशी येतात.

पावसाळ्यातील परिपत्रके हा खास कोल्हापूरचा प्रकार. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये हे दोन आकडे इथल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी असतात. केर्लीजवळ रत्नागिरी मार्गावर पाणी येते, गगनबावड्याची वाट बंद होते. २०१९ व २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गही बंद पडला होता. अशा वेळी जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, विद्यापीठ परीक्षा पुढे ढकलते, आणि कर्मचारी त्या पत्रात एकच गोष्ट शोधतात : सुट्टी कोणाला? पुष्कळदा ती केवळ विद्यार्थ्यांना असते आणि कर्मचाऱ्यांनी आपत्ती व्यवस्थापनासाठी हजर राहायचे असते. शिरोळ किंवा करवीर तालुक्यातील ज्याच्या स्वतःच्याच घरात पाणी शिरले आहे, त्याने काय करावे, हे त्या ओळीत लिहिलेले नसते. प्राचार्यांना आपल्या अधिकारात जे करता येते ते त्यांनी त्याच दिवशी लेखी द्यावे. तोंडी सांगितलेली सवलत हजेरीपत्रकावर उतरत नाही.

इतर घडामोडी. ६ मे रोजी शाहू महाराजांच्या स्मृतिदिनी १०० सेकंद स्तब्धता, २६ जून रोजी सामाजिक न्याय दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. युवा महोत्सव, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, सेवानिवृत्तीचे निरोप समारंभ, शोकसभा. ही पत्रे छोटी असतात आणि बहुधा न वाचताच सही होते.

जतन. शासकीय अभिलेखांचे अ, ब, क, क-१ व ड असे वर्ग करतात. ‘अ’ कायमचा, ‘ड’ वर्षभराचा. परिपत्रकांची फाईल कोणत्या वर्गात जाते यावर तिचे आयुष्य ठरते. निवृत्तीच्या वेळी महालेखापाल कार्यालयाकडे जाणाऱ्या प्रस्तावात नेमणुकीची मान्यता, सेवेतील खंड क्षमापित केल्याचा आदेश, वेतनवाढीची पत्रे लागतात. तीस वर्षांपूर्वीचा असा एखादा कागद सेवापुस्तकात सापडला नाही, तर आस्थापना लिपिक जुनी जावक नोंदवही काढतात, तारखेवरून क्रमांक शोधतात आणि त्या क्रमांकाच्या आधारे विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीची मागणी करतात. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोची नोंद अशा वहीत नसते.