‘शुगर फ्री’ची पार्श्वभूमी: पाकिटावरची साखर आणि पोटातली साखर

आपल्याकडे ‘शुगर’ हे आजाराचं नाव होऊन बसलं आहे. ‘काकांना शुगर निघाली’ एवढं म्हटलं की पुढचं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे पुड्यावर ‘शुगर फ्री’ दिसलं की घरातला माणूस त्याचा अर्थ ‘शुगरवाल्यांना चालतं’ असाच लावतो. छापणाऱ्याच्या लेखी मात्र अर्थ एवढाच असतो की १०० ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही. या दोन अर्थांमधल्या फटीत माझी आई दोन वर्षं अडकली होती. रोज चहाबरोबर चार बिस्किटं, मनात शंका नाही आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (HbA1c) आकडा काही केल्या खाली येत नाही. कार्ब्स (कार्बोहायड्रेट, म्हणजे मुख्यतः पिष्ट आणि साखर) कमी करायला निघालेल्यांची पहिली फसगत बहुतेक वेळा इथेच होते.

कमी कार्ब्स खाण्याची कल्पना जुनी आहे. १८६३ साली लंडनमधल्या एका अंत्यविधी व्यावसायिकाने पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडून वजन उतरवलं आणि त्यावर एक पुस्तिका छापली. १९७२ साली एका अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञाच्या पुस्तकाने तीच गोष्ट नव्याने खपवली. साधारण २००३-०४ मध्ये तिकडे या आहाराची लाट आली आणि पुड्यांवर ‘नेट कार्ब्स’ झळकू लागले, म्हणजे एकूण कार्ब्समधून तंतू (फायबर) आणि माल्टिटॉलसारखे पॉलिओल, म्हणजे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड पदार्थ, वजा करून उरलेला आकडा. तिथल्या नियामकाने या शब्दाची व्याख्या कधीच केली नाही. आपल्याकडे ‘कीटो’, म्हणजे कार्ब्स जवळपास बंद करणारा आहार, आला तो हा शब्द घेऊनच. त्याच सुमारास महाराष्ट्रात दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत घरोघरी पोचली. ती लो-कार्ब नव्हती, पण ‘इन्सुलिन’ हा शब्द बैठकीच्या खोलीत आणला तो तिनेच.

खरा गुंता आपल्या लेबलवर आहे. रसायनशास्त्रात साखर म्हणजे एका किंवा दोन दुव्यांची साखळी: ग्लुकोज, फ्रुक्टोज, उसाची साखर, दुधातलं लॅक्टोज. त्याहून लांब साखळ्या ‘साखर’ या ओळीत मोजत नाहीत. मैदा, कॉर्नफ्लोअर, साबुदाणा यांतलं पिष्ट म्हणजे अशाच लांबलचक साखळ्या. आतड्यात त्यांचं ग्लुकोज होतं, पण लेबलवर ती साखर नव्हे. माल्टोडेक्सट्रिन तर मुद्दाम अर्धवट तोडलेलं पिष्ट. चवीला फारसं गोड नाही, पाण्यात चटकन विरघळतं, म्हणून इन्स्टंट सूपच्या पाकिटात आणि चिप्सच्या मसाल्यात हमखास सापडतं. रक्तात त्याचं ग्लुकोज जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने पोचतं. तरी ‘एकूण साखर’ या ओळीत त्याचा बहुतांश भाग येतच नाही.

आपल्या अन्नसुरक्षा नियामकाच्या (FSSAI) २०११ च्या नियमांत ऊर्जा, प्रथिनं, कार्बोहायड्रेट (त्यातली साखर वेगळी) आणि स्निग्ध पदार्थ एवढं छापणं सक्तीचं होतं. २०१८ मध्ये दाव्यांचे नियम आले, ‘शुगर फ्री’ची अर्ध्या ग्रॅमची अट त्यांतलीच. मग २०२० चे लेबलिंगचे नियम आले. एकूण साखरेखाली ‘वरून घातलेली साखर’ अशी वेगळी ओळ आली आणि एका वेळच्या खाण्यातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, हेही छापावं लागलं. त्यासाठी २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण स्निग्ध, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्ध, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हे आधार धरले. या यादीत कार्बोहायड्रेट नाही. तंतूंचा आकडा छापणंही सक्तीचं नाही, त्यामुळे कित्येक पाकिटांवर ‘नेट कार्ब्स’चा हिशेब करायची सोयच नसते. ज्या देशात रोजच्या ऊर्जेचा साठ टक्क्यांच्या आसपास वाटा कार्ब्समधून येतो, तिथे नेमकी हीच ओळ टक्केवारीविना सोडणं मला तरी चूक वाटतं. साखरेकडे बोट दाखवणं सोपं होतं. मैद्याकडे दाखवायचं तर बिस्किटापासून नूडल्सपर्यंत सगळंच आलं असतं.

आईचा तो पुडा अजून माझ्याकडे आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून पहिलं नाव बघायचं: गव्हाचं पीठ, कंसात मैदा. मग पाम तेल. तिसरं माल्टिटॉल, तेही नुसत्या ९६५ या घटक-क्रमांकाच्या आड. माल्टिटॉल साखरेइतकं पूर्ण पचत नाही, म्हणून त्याच्या ग्रॅममागे चारऐवजी साधारण दोनच किलोकॅलरी धरतात. पण ते ग्लुकोज वाढवतच नाही असं नाही. पॉलिओलचं प्रमाण जास्त असेल तर पोट सुटू शकतं, हा इशाराही मागे बारीक अक्षरांत होता. कार्बोहायड्रेट १०० ग्रॅममागे ६८ ग्रॅम. साखर शून्य. चार बिस्किटं पंचवीस ग्रॅमची, म्हणजे १७ ग्रॅम कार्ब्स, आणि त्यांतला मोठा वाटा मैद्याचा. आई तेवढ्याच वेळी एक लहान फुलका खायला घाबरायची.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय छापावं हा वाद त्यानंतर पेटला. २०२२ मध्ये पदार्थाला तारे देणाऱ्या मानांकनाचा मसुदा आला. तेल-साखरेचे गुण-दोष एकाच ताऱ्यात मिसळून टाकण्याला आहारतज्ज्ञांनी विरोध केला, त्यांना थेट इशारा हवा होता. २०२४ च्या जुलैमध्ये वेगळा प्रस्ताव पुढे आला: साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्ध यांचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत. कार्बोहायड्रेटचा उल्लेख त्यातही नव्हता. तो जसाच्या तसा लागू झाला तर आईच्या पुड्यावर साखरेपुढे शून्यच छापलं जाईल, फक्त आणखी ठळक.