खणलेली माती कचरा कधी ठरते?

पेट्रोल-डिझेल मुरलेली माती जागेवर असेपर्यंत ती जमीन असते. तीच खणून ट्रकमध्ये भरली की बहुतेक कायद्यांच्या लेखी कचरा होते. जैविक प्रक्रियेसाठी, म्हणजे त्यातले तेल जिवाणूंकडून खाऊन घेण्यासाठी, ती दुसऱ्या जागी न्यायची परवानगी मागणाऱ्याची निम्मी दमछाक या एका फरकापायी होते.

जिवाणू तेल खातात, हे शास्त्राला जुनेच ठाऊक आहे. क्लॉड झोबेल या सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९४६ साली त्यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला होता. तेलशुद्धीकरण कारखाने पुढे याच गुणावर विसंबून तेलकट गाळ मोकळ्या जमिनीवर पसरत, त्यात खत घालत आणि नांगर फिरवत. पद्धत स्वस्त होती, पण जुन्या जागांवर मातीखाली अस्तर नसे. पावसाबरोबर काय मुरते, उन्हात काय उडून जाते, याकडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते. नियामकांच्या मनातला संशय मला वाटते तिथूनच आला, आणि तो रास्त होता.

१९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अँबलर येथे पाइपलाइनमधून गळलेले पेट्रोल भूजलात गेले. रिचर्ड रेमंड यांच्या चमूने तिथे हवा आणि पोषकद्रव्ये सोडली आणि मुळात तिथेच असलेल्या जिवाणूंकडून काम करून घेतले. १९८० मध्ये आनंदमोहन चक्रवर्तींनी प्रयोगशाळेत घडवलेल्या तेलभक्षक जिवाणूचे पेटंट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. गाजले ते प्रकरण, पण मैदानावर टिकली ती रेमंड यांची वाट. बाहेरून जिवाणू न आणता मातीतल्याच जिवाणूंना पोसायचे असेल, तर अर्जावर प्रश्नही कमी येतात.

कायद्याची खरी गाठ १९८४ ची. अमेरिकेने घातक कचऱ्याच्या कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा ‘जमिनीवरील विल्हेवाट’ या व्याख्येत जमिनीवरची प्रक्रियाही घातली. म्हणजे जो उपाय होता, त्यालाच कायदा विल्हेवाट म्हणू लागला. त्याच दुरुस्तीने जमिनीखालच्या इंधन टाक्याही नियमनाखाली आल्या. १९८८ च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला १९९८ पर्यंत मुदत दिली. टाक्या निघू लागल्या आणि प्रत्येक खड्ड्यामागे वासाच्या मातीचे ढीग उभे राहिले. यातली बरीच माती निव्वळ बेंझीन या पेट्रोलमधल्या विषारी घटकामुळे घातक कचऱ्यात मोडली असती. म्हणून १९९० मध्ये, टाक्यांच्या नियमांखाली साफसफाई होत असलेल्या अशा मातीला त्या वर्गवारीतून सूट मिळाली. ती मिळाली नसती तर जागेबाहेरच्या जैविक प्रक्रिया केंद्रांना एवढा वाव उरला नसता.

युरोपात वाद उलट दिशेने गेला. ब्रसेल्समधल्या एका पेट्रोल पंपाच्या गळतीवरून २००४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने न खणलेली दूषित मातीही कचराच ठरवली. संघाच्या २००८ च्या कचराविषयक निर्देशाने न खणलेली माती त्यातून वगळली आणि रेघ पुन्हा खोदकामावर आली.

अर्जात काय मांडायचे याची घडी बऱ्याच अंशी अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या १९९४ च्या मार्गदर्शिकेने बसवली. कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण साधारण १००:१०:१, सामू (पीएच) ६ ते ८. एकूण हायड्रोकार्बन ५०,००० पीपीएमच्या (दर दहा लाख भागांत ५०,०००) वर असतील तर जिवाणूच तग धरत नाहीत. शिवाय खाली अस्तर, निचऱ्याचे पाणी गोळा करायची सोय आणि ढीग रचला असेल तर त्यातून हवा खेळवणारे भोकांचे पाइप.

सगळ्यात नेटाने विचारला जाणारा प्रश्न मात्र वासाचा असतो. माती पहिल्यांदा उलटीपालटी केली की पेट्रोलचा भपका येतो आणि पुढे तो ओसरत जातो. अहवालातले आकडेही झपाट्याने उतरतात. पण त्यातले जिवाणूंनी किती खाल्ले आणि नुसते हवेत किती गेले? पेट्रोलसारख्या हलक्या इंधनात उडून जाणारा वाटा मोठा असतो. त्यामुळे मातीच्या नमुन्यांसोबत ढिगाच्या वाफेची मोजणी आणि ती वाफ गाळायची व्यवस्थाही मागितली जाते. मातीत परकी माती मिसळून आकडे खाली आणले नाहीत, हेही नोंदींनी दाखवावे लागते.